‘भोंगा’मधला हरवलेला ठोका

हॅलो? … हॅलो, मृणाली का? … ठेवू नकोस! मी नंदा बोलतेय. … हो, तीच. पोफळी कॉलनीतली. आता रत्नागिरीची.

नाही गो, कोणी गेलेलं नाही. आई ठणठणीत आहे. … हो, नऊ वर्षांनी फोन आला की माणसाला आधी तेच वाटणार, कबूल. पण वाईट काही नाही. तू बस आधी. … बसलीस?

मृणे, तो इथे आहे.

तो म्हणजे काय, तो! ‘गलबत’ बँडचा ड्रमवाला! … अगो, ‘गलबत’ विसरलीस? ‘खारवट’ कॅसेट! … हां, आता कशी किंचाळलीस! मी पण मघाशी अशीच किंचाळणार होते, तोंडावर फाईल धरली म्हणून वाचले.

इथे म्हणजे आमच्या दवाखान्यात. दातांच्या. मी रिसेप्शनला असते, चार वर्षं झाली. … तू विचारलंस कधी? … बरं, मीही कळवलं नाही. ते राहू दे ना आता! ऐक.

हळू बोलतेय, कारण तो समोरच बाकावर बसलाय. मेव्हणीकडे लग्नाला आला होता, भातात खडा लागला आणि दाढेचा तुकडा पडला. मॅडमनी इंजेक्शन दिलंय, अर्धं तोंड बधिर आहे बिचाऱ्याचं. शब्द फुटत नाही. … नाही, चेहऱ्यावरून कसा ओळखणार? कव्हरवर तो पाठमोराच आहे, आणि ते केस आता उरलेत कुठे! टक्कल पडलंय. अगदी आपल्या पॉवरहाऊसमधल्या फोरमनसारखा दिसतो.

बोटांवरून ओळखला! … शपथ. मी केसपेपर लिहीत होते आणि हा बाकाच्या लाकडावर बोटं वाजवत बसला होता. धड-धड-ताक… धड-धड-ताक… माझं पेनच थांबलं. म्हटलं, हे मी कुठंतरी… अगो, कुठंतरी काय, रोज भाकऱ्या थापताना माझे हात हेच वाजवतात! ‘भोंगा’! दुसरी बाजू, तिसरं गाणं!

… एक मिनिट हं. … आनंदीबाई, बसा तुम्ही, कवळी आली की मी हाक मारते. हो, पंख्याखाली बसा. … हां, बोल.

खात्री कशी म्हणजे? केसपेपरवर नाव आहे. कव्हर तुझ्याकडे आहे ना? बघ की त्यावर. … टाकलंस? … मग कुठंय? … साड्यांच्या कपाटात? बघ, ठेवलंयस ना! माहीत होतं मला. … हो हो, धरते, काढ तू.

… काढलंस? आतल्या बाजूला, अगदी खाली, बारीक अक्षरात. ड्रम्सपुढे काय लिहिलंय? चष्मा लाव! … विनीत काय? … आचरेकर! केसपेपरवर तेच आहे, मृणे! विनीत आचरेकर, वय चौपन्न, उजवी खालची दाढ! … नाच तू, नाच! मला इथे खुर्चीत बसून नाचावं लागतंय.

पण थांब. खरी गोष्ट पुढेच आहे. त्याच्यासाठीच फोन केलाय मी.

तो वाजवत होता ना… धड-धड-ताक, धड-धड-ताक, धड… आणि मग थांबला. एक ठोका गाळला, आणि मग ताक! … ऐकलंस का मी काय म्हणतेय? तोच ठोका गो! आपल्या कॅसेटमध्ये जो नाहीये, तोच! दुसऱ्या कडव्याआधीचा!

… काय? … काही नाही? बरं, ऐक.

मी उठून गेले त्याच्याजवळ. म्हटलं, साहेब, तुम्ही एक ठोका गाळलात. त्याने असं बघितलं माझ्याकडे… चोरी पकडल्यासारखं. बोलता तर येईना. मग मी सूचनांचा कागद उलटा करून दिला, ‘दोन तास काही खाऊ नये’वाला. त्याच्यावर लिहिलंन त्याने. आहे माझ्यासमोर, वाचते. “काठी निसटली. दुसरी उचलेपर्यंत ठोका गेला. स्टुडिओची वेळ संपली होती. पुन्हा घेता आलं नाही. तुम्हाला कसं कळलं?”

काठी निसटली, मृणे! त्याच्या हातातून! तिकडे मुंबईत! आपण कॅसेट घ्यायच्या आधीच!

म्हणजे बाबांच्या टेपने काही केलेलं नव्हतं. रीळ खाल्ली होती, मान्य. पहिल्याच दिवशी, पहिली बाजू ऐकून उलटी लावली आणि तिने खाल्ली. आणि मी पेन्सिल घालून गुंडाळली तीही वेडीवाकडी, तेही मान्य. पण ठोका माझ्यामुळे नाही गेला! अठ्ठावीस वर्षं मी ते गाणं लागलं की तिथे मान खाली घालत आलेय. एवढं आवडतं गाणं! आपल्या दोघींच्या एकुलत्या एक कॅसेटची मी माती केली म्हणून!

हो, तू चेष्टेत म्हणायचीस. एकोणीस वर्षं चेष्टेतच म्हणायचीस. पण आमच्या वास्तुशांतीला काय बोललीस ते आठवतंय? … आठवतंय ना? सासूबाईंसमोर. “हिच्या हातात काही टिकतच नाही, कॅसेटपासून बघतेय मी.” आणि माझं शिवणाचं दुकान महिन्यापूर्वी बंद पडलेलं. … हो, तुला दुकानाचं म्हणायचं नव्हतं. पण ऐकणाऱ्या सगळ्यांनी तेच ऐकलं. मी पण.

… मृणे? आहेस ना? कसला आवाज येतोय? … दार लावतेयस? बरं.

मी भांडायला नाही गो फोन केला. मला फक्त सांगायचं होतं. दुसऱ्या कुणाला सांगू? आमच्या घरात कुणाला कळणार हे? ह्यांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, ठोका गेला तर गेला, भात टाक.

… काय?

… परत बोल. गाडीचा हॉर्न वाजला मागे. … तुला माहीत होतं?

कधीपासून? … सहा वर्षं?

… दादरला. रद्दीवाल्याकडे. दुसरी ‘खारवट’. … आणि तिच्यातही ठोका नाही. … अच्छा.

नाही, ऐकतेय मी. … माझ्यासाठीच घेतली होतीस? मग? … नंबर काढायचीस आणि ठेवायचीस. … लाज वाटायची. सहा वर्षं लाज वाटायची!

अगो, मग मला काय वाटत असेल? मी इथे निर्दोष सुटले म्हणून तुला नाचत फोन केला, आणि निकाल तुझ्या कपाटात पडून होता? साड्यांखाली? वाईट वागलीस तू. एकदम वाईट. मला राग आलाय, सांगून ठेवते.

… रडू नकोस. … मृणे, रडू नकोस म्हणते ना, मला पण येईल, समोर पेशंट आहेत. … नाही हो आनंदीबाई, माझा दात नाही दुखत. असंच आपलं. … काही नाही हो, मैत्रीण आहे.

हां. … हो. मला पण. रोज. कुठे काय झालं की आधी तूच आठवायचीस, आणि मग भांडण आठवायचं.

धापा का टाकतेयस? … बरं, ऐक. त्याला मी विचारलं, सही द्याल का. तर त्याने लिहिलंन, “त्या चुकीला अजून कोणी ओळखतं?” मी म्हटलं, साहेब, आम्ही दोघी ओळखतो. कॉलनीत संध्याकाळचा भोंगा झाला की आम्ही तुमचा ‘भोंगा’ लावायचो. आमच्या लग्नांनंतर रीळ माझ्याकडे आणि कव्हर तिच्याकडे, अशी रीतसर वाटणी झालीय. तर हसला गो! अर्ध्याच तोंडाने. डोळे पुसलेन. … हो, खरंच पुसलेन.

दाढेवर तात्पुरती टोपी बसवायला त्याला चार वाजता परत बोलावलंय मॅडमनी, आणि सहाच्या गाडीने तो जाणार. रीळ मी जेवायच्या सुट्टीत घरून आणते. कव्हर मात्र… नाही, ती दादरची नको. दादरची तुझ्याकडेच ठेव. मला आपलं कव्हर पाहिजे. तू वहीच्या कागदाने चिकटवलेलं.

आणि कंडक्टरकडे नको देऊस हं. पूर्वी बिस्किटांच्या डब्यातून काहीबाही पाठवायचीस तसं. आज नको. मृणे, तू ये. राजापूरहून एकची गाडी पकडलीस तरी साडेतीनपर्यंत… काय?

… पुढे सरका, पुढे सरका, हे कोण ओरडतंय? … तू कुठं आहेस? … गाडीत?

म्हणजे मी इकडे तुला शिव्या घालतेय, आणि तू चालत स्टँडवर… कव्हर आहे ना हातात? … आणि पायांत? घरातल्या सपाता! … ये, ये तशीच ये, इथे कोण बघतंय! उतरलीस की रिक्षा कर, म्हणावं दातांचा… हॅलो? … मृणे? … हॅलो?

गेली रेंज.

… साहेब! साहेब, तुमच्यासाठी राजापूरहून माणूस निघालंय. चार वाजता यायचं हं, नक्की!