देवकाबाईच्या बोटांचा अर्धा मार्क

...म्हणून सांगतो राजेहो, त्या तज्ज्ञ लोकायचं नावच काढू नका माह्यापुढं. अर्धा मार्क. अर्ध्या मार्कानं घात केला. अन् हे सारं खरं आहे बरं, केळझरच्या गणपतीची आण, शब्द न् शब्द खरा. सात तज्ज्ञ होते. म्हंजे... पाच होते, दोघं नुसते जेवाले आलते. तेही मले धरून पाच. मले सोडलं तर चार. पण मले धरा, काऊन की मी बी तज्ज्ञच होतो. हसून काय राह्यले? सरकारी कागद आहे माह्याजवळ!

झालं असं, की सरकार संशोधनाले पैसा देते. आता पैसा आधी कशावर लावाचा, हे कोण ठरवन? मंत्र्यानं ठरवलं तर लोक म्हणतीन, सासुरवाडीचं ठरवलं. म्हणून तज्ज्ञ बोलावतेत, त्यायच्यापुढं विषय मांडतेत, ते मार्क देतेत, पयले तीन विषय पास, बाकीचे घरी. ह्या खेपेस आपल्या जिल्ह्यातल्या कापसाचे अकरा विषय होते, अन् वरून हुकूम आला की समितीत एक अनुभवी शेतकरी पायजे. आमची कृषी सहायक मोहिनीताई, तिले पाच वाजेच्या आत नाव पाठवाचं होतं. फोन आला, "बापूरावकाका, तुमी कशाचे तरी परीक्षक आहा ना हो?" म्हटलं, "वीस वर्षं झाली, पोरी." तिनं लिहून टाकलं, परीक्षणाचा अनुभव, वीस वर्षं. कायचं परीक्षण, हे ना तिनं इचारलं ना सरकारनं. आता तुमाले तर माहीतच आहे, मी भजन स्पर्धेचा परीक्षक. सेलू तालुक्यात असं मंडळ नाई ज्याले मी मार्क दिले नाई.

तं ह्या अकरातला एक विषय होता आमच्या देवकाबाईचा. देवकाबाई म्हंजे माही शेजारीण, गावातल्या वेचणीच्या बायांची पुढारीण. कापसाच्या बोंडाची वाळलेली टोकं सुईवानी रुततेत हो. तीस वर्षं वेचून वेचून बाईच्या बोटांचे ठसेच पुसले गेले. राशनच्या दुकानात मशीनवर अंगठा ठेवला की मशीन म्हणते, ही ती बाई नाईच. एका महिन्याच्या गव्हासाठी चार-चार खेपा. ती म्हणे, "भाऊजी, माहाच अंगठा मले वळखत नाई, तं दुकानदाराशी काय भांडू?" मोहिनीताईनं ते कागदावर मांडलं: बायांले घालून वेचता येईन असा हातमोजा बनवा, अन् बोट फाडणार नाई असं बोंड शोधा. एवढंच. उपग्रह नाई, रॉकेट नाई.

मीटिंगच्या दिवशी सकाळी देवकाबाई फाटकाशी उभी, हातात ताकाचा पेला. हे ताक आमच्याकडं रोजच येते, त्या दिवशीचं काई खास नव्हतं. म्हणे, "भाऊजी, आमचं तेवढं पाहजा." म्हटलं, "वयनी, मी बसलो आहो ना तिथं. तुमी काऊन भेता?"

वर्ध्याले गेलो. थंडगार हॉल, नावाची पाटी, प्रत्येकापुढं बशीत गोरसपाक, आपलं वर्ध्याचं बिस्कीट. अध्यक्षसाहेब म्हणाले, "प्रथम सर्व सदस्यांनी आपले हितसंबंध जाहीर करावेत." एक प्रोफेसर उठले. त्यायच्या विद्यार्थ्याचा विषय होता, पऱ्हाटीवर, म्हंजे कापसाच्या झाडावर, किती ताण आहे ते उपग्रहावरून मोजाचं. ते म्हणाले, "माझ्या विद्यार्थ्याच्या विषयावरील चर्चेच्या वेळी मी नियमानुसार बाहेर थांबेन." अन् थांबलेही. काचेच्या दाराबाहेर. आतून सारं दिसे, माणूस मान हलवून राह्यला, बोटं दाखवून राह्यला, क्रिकेटच्या अंपायरवानी. चर्चा संपली, आत आले, अन् मार्क द्याले बसले! म्हटलं, हे कसं काय? तं म्हणे नियम चर्चेचा आहे, मार्काचा नाई.

मी बी हात वर केला. म्हटलं, "साहेब, देवकाबाईच्या घरून आमच्याकडं रोज ताक येते." अध्यक्षसाहेबानं फॉर्म उलटापालटा करून पाह्यला. "ताकासाठी रकाना नाही, बापूराव. बसा."

बसलो. अन् आता ऐका, अर्ध्या मार्काची गोष्ट.

देवकाबाईचा विषय निघाला. मोठा पडदा होता, त्याच्यावर तिच्या हातांचा फोटो. समितीत एक दिल्लीवाले साहेब होते. त्यायनं पाह्यलं न पाह्यलं अन् म्हणाले, "इसमें नया क्या है? हाथ तो पुराने ज़माने से हैं." बाकीचे हसले. प्रोफेसर म्हणाले, "विषय भावनिक आहे, पण राष्ट्रीय प्राधान्यात बसेल का?" अरे, साडी राष्ट्रीय, धोतर राष्ट्रीय, अन् तो कापूस वेचणारी बोटं तेवढी सेलू तालुक्याची? पऱ्हाटीचा ताण तुमाले आभाळातून दिसते, अन् तिच्या बुडाशी वाकलेली बाई दिसत नाई? असं मी बोललो. म्हंजे मनात बोललो. तोंडात गोरसपाक होता.

मंग मार्काचे कागद. दहापैकी द्याचे. दिल्लीवाल्यानं पेन काढला, दहा लिवाले घेतले, थांबला, गोरसपाकाचा तुकडा मोडला, अन् लिवले साडेनऊ. मी डोळ्यानं पाह्यलं. बेरीज झाली. तिसऱ्या नंबरले उपग्रह, एक्केचाळीस. चौथ्या नंबरले देवकाबाई, साडेचाळीस. अन् कागदात स्वच्छ लिवलं होतं, बरोबरी झाली तर बायांच्या कामाचा विषय आधी घ्यावा. अर्धा मार्क, राजेहो! आणखी अर्धा असता तर आज तिच्या हातात मोजा असता.

गावात आलो अन् फाटकाशीच सांगितलं. देवकाबाईनं सारं ऐकून घेतलं, बोटं पदरात गुंडाळली, म्हणे, "त्या दिल्लीवाल्याले कोणती बाई वाढते ते तं सांगा. तिचे हात पाहून येतो." तेव्हापासून रोज सकाळी ती दिल्लीवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते, अन् मी हाव हाव म्हणतो.

काय म्हणता? आण घेतली होती? हाव, गणपतीची घेतली, म्हणून तं गळ्याशी आलं आहे. ऐका मंग. प्रोफेसर खरे, काचेचं दार खरं, ताकाले रकाना नव्हता हेही खरं. दिल्लीवाला तेवढा खोटा. म्हंजे माणूस होता, पण तसा नव्हता. त्यानं तो फोटो लय वेळ पाह्यला. बशी बाजूले सारली. इचारलं, "ये एक ही औरत के दोनों हाथ हैं?" अन् दहापैकी दहा दिले.

अर्धा मी कापला.

आता असे नका पाहू. वीस वर्षांचा हात आहे. भजन स्पर्धेत बाहेरून आलेल्या मंडळाले पुरे मार्क द्याचे, पाहुणा नाराज जाऊ नये. अन् आपल्या गावच्या मंडळाचा अर्धा कापाचा, म्हंजे परीक्षकानं पक्षपात केला असं कोणी म्हणत नाई. उपग्रहवाले लांबून आलते, त्यायले दहा. देवकाबाई शेजारची, वरून ताक. साडेनऊ. हातानंच लिवलं, मी नाई लिवलं.

मांगच्या आठवड्यात समितीचं पत्र आलं. 'शेतकरी सदस्यांची निःपक्षपाती वृत्ती उल्लेखनीय. पुढील आढाव्यासही त्यांना निमंत्रित करावे.' देवकाबाई फाटकाशीच होती. वेचणी सुरू आहे, दोन बोटांले चिंधी बांधलेली. म्हणे, "काय लिवलं आहे, भाऊजी?" म्हटलं, "दिल्लीवाल्याचंच आहे काईतरी." म्हणे, "मले वाटलंच. घ्या, ताक घ्या."

घेतलं. काय करता. पेला काठोकाठ होता. तिनं कधी त्यातलं अर्धं बोट बी कापलं नाई.