सिद्ध कोणी करायचं?

माधवराव, इरा आणि मित्रहो,

मला आज एकच गोष्ट सिद्ध करायची आहे. प्रभा वझे यांना फ्रेंच कवितेचा छंद नव्हता. त्या विदुषी होत्या, आणि त्यांचं काम त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या नावावर गेलं.

हायडेलबर्गातल्या या सभागृहात आपण शोक करायला जमलो आहोत, वाद घालायला नव्हे, हे मला समजतं. बोलणं मलाही जड जातं आहे. पण इथल्या विद्यापीठात मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. शोक कसा करावा, हे शिकलो नाही. जे येतं तेच करतो.

माझ्याआधी तिघं बोलले. तिघांनीही सांगितलं, की प्रभाताईंनी स्वतःसाठी कधी काही मागितलं नाही. तिघांनीही मंडळाच्या गणपतीतल्या त्यांच्या मसालेभाताची आठवण काढली. आणि दारात वाटलेल्या कार्डावर मंडळाने छापलं आहे : प्रेमळ पत्नी, वत्सल माता, फ्रेंच कवितेचा छंद. छंद! ग्रंथालयातल्या नोकरीवर जाण्याआधी रोज सकाळी दोन तास, अशी वर्षानुवर्षं जी बाई जुन्या हस्तलिखितांच्या प्रती घेऊन बसली, तिचा तो छंद? मग माझंही तर्कशास्त्र छंदच होतं. फरक इतकाच, की मला त्याचा पगार मिळत होता.

त्यांचं काम मध्ययुगीन फ्रान्समधल्या प्रेमगीतांवर होतं. ज्यांना ते ठाऊक नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. त्या गीतांत बहुधा पुरुष बोलतो. मी झुरतो, मी जळतो, मी मरतो. मी, मी, मी. जिच्यासाठी हे सगळं चाललं आहे, ती बाई गाणंभर एक शब्द बोलत नाही. ती सुंदर असते, थोर असते, निष्ठुर असते. पण ती कोण असते? प्रभाताईंचं म्हणणं असं, की या प्रेमात माणूस एकच आहे. समोर आहे तो आरसा.

मात्र काही थोड्या गीतांत बाईच 'मी' म्हणते. नवऱ्याला कंटाळलेली, आवडत्या माणसाकडे निघालेली, कोणाची परवानगी न मागणारी. त्यांतल्या बहुतेकांवर रचणाऱ्याचं नाव नाही. तिथे बरेच विद्वान म्हणतात, ही पुरुषांनीच बाईचा आवाज काढून रचली असणार. प्रभाताईंनी विचारलं, कशावरून? गाण्यात पुरुष 'मी' म्हणाला, तर त्याच्याकडे कोणी पुरावा मागत नाही. बाई म्हणाली, की तिने आधी सिद्ध करायचं. हा नियम केला कोणी? ती गीतं बायकांचीच आहेत, असा दावा त्यांनी केला नाही. जिथे ठाऊक नाही तिथे 'ठाऊक नाही' असं लिहा, एवढंच त्या म्हणाल्या. या युक्तिवादात मला आजही फट सापडत नाही. आणि मी शोधली होती, मन लावून शोधली होती. कारण प्रबंधाचा तीनशे पानांचा खर्डा त्यांनी मला वाचायला दिला होता. "नाना, शिव्या घाला, पण समासात घाला," म्हणाल्या. मी घातल्या. पेन्सिलीने, प्रत्येक प्रकरणाखाली तारीख टाकून. तशी माझी सवय आहे.

तोच खर्डा त्यांच्या मार्गदर्शक प्राध्यापकांकडेही गेला. चार वर्षांनी त्या गृहस्थांचं पुस्तक निघालं. प्रश्न तोच, युक्तिवाद तोच, उदाहरणांचा क्रमसुद्धा तोच. ऋणनिर्देशात एक ओळ : श्रीमती वझे यांचे, टंकलेखनाबद्दल आणि अपार सहनशीलतेबद्दल आभार.

सहनशीलता! मित्रहो, बाईची स्तुती केली, की तिचं ऐकावं लागत नाही. ही युक्ती बाराव्या शतकातल्या कवींना ठाऊक होती, त्या प्राध्यापकांना ठाऊक होती, आणि आज दुपारी या सभागृहात आपणही ती तीनदा वापरली. प्रभाताईंनी प्रबंध मग सादरच केला नाही. माझ्याआधी बोललेल्यांनी त्याला त्याग म्हटलं. त्याग स्वतःहून करतात. हिसकावून घेतलेल्या वस्तूला त्याग म्हणू नये.

एकदा त्या मला म्हणाल्या, "माधव माझं कौतुक फार करतो हो. पण मी बोलायला लागले, की तो कुकर बघायला उठतो." माधवराव, आपण हसलात आणि मानही हलवलीत, म्हणून पुढचं बोलतो. त्यांचं आपल्यावर प्रेम होतं, याबद्दल वाद नाही. पण प्रेम होतं म्हणून 'स्व' नव्हता, हे अनुमान साफ चूक आहे.

आता जे पणाला लागलं आहे ते सांगतो. हा प्रबंध प्रभाताईंच्या नावाने छापायला एक प्रकाशन तयार आहे. अट एकच : तो त्या पुस्तकाच्या आधीचा आहे, हे सिद्ध झालं पाहिजे. नाहीतर मूळ लिहिणारी बाई नक्कल करणारी ठरेल. इराने आईच्या खर्ड्याबद्दल विद्यापीठाला लिहिलं. उत्तर आलं, की स्वतंत्र पुरावा उपलब्ध नाही. परवा दुपारी तिने ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं आणि विचारलं, "नानाकाका, उंड येट्स्ट?" आता पुढे काय? मी चहा टाकायला उठलो.

आपण विचाराल, नाना, इतकी वर्षं तुम्ही काय करत होतात? प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर या कागदावर आहे. मी ते वाचतो आणि आपल्या सर्वांसमोर सही करून इराच्या हाती देतो. वाचून होईपर्यंत कृपया शांत राहा. प्रभाताईंना वाहण्यासारखं माझ्याकडे याहून काही नाही.

"पुस्तक निघालं त्याच आठवड्यात प्रभा वझे माझ्याकडे आल्या. ही चोरी सिद्ध होईल का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, पुरावा नाही. त्या म्हणाल्या, 'तुम्ही वाचलं आहे ना?' मी म्हणालो, मी तुमचा मित्र. मित्राची साक्ष निःपक्ष धरता येत नाही. त्या हसल्या. 'अहो नाना, मग शत्रूलाच वाचायला द्यायला हवं होतं!' त्यानंतर त्यांनी मला पुन्हा कधी विचारलं नाही. खर्ड्याची ती प्रत, माझ्या हातच्या शेऱ्यांसह आणि तारखांसह, त्या दिवशी माझ्या कपाटात होती. ती मी या कागदासोबत देत आहे. साक्षीदार जवळचा आहे एवढ्याने साक्ष खोटी ठरत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना शिकवत होतो. पुरावा होता. तो मी दिला नाही. चूक माझी आहे."

विश्वनाथ नातू
हायडेलबर्ग