तिसऱ्या मजल्यावरच्या फाइली खाली केल्याबाबत

मी कालपासून हेच सांगतोय की मी काही पुसलेलं नाही, आणि नाव-गाव आता तिसऱ्यांदा विचारताय म्हणून तिसऱ्यांदा सांगतो. आदेश नरहर मोहिते, वय २२ वर्षे, शिक्षण नववी नापास, धंदा खाजगी कंपनीत स्कॅनिंग आणि पडेल ते काम, राहणार चारबाग स्टेशनच्या मागे, तिघांत एक खोली. मूळ तालुका खानापूर, जिल्हा सांगली.

समोर बसून, विचारलं तसं सांगतो की, हा जबाब मी मराठीत देतोय, कारण माझ्या हिंदीनेच मला इथे आणलं आहे. इथले फौजदार, दरोगाजी, म्हणाले, अपनी बोली में बोलो, नहीं तो फिर कुछ हो जाएगा. या पोलीस ठाण्यातल्या लोकांची खाती ज्या बँकेत आहेत तिथल्या अधिकारी मधुमतीताई मराठी आहेत. त्यांना जेवणाच्या सुट्टीत बोलावून घेतलं. मी सांगतो, त्या लिहितात. त्या एका जागी 'स्थलांतरित केल्या' असं घालत होत्या. मी म्हटलं तसं नको, मी फाइली डोक्यावरून नेल्या.

लखनौत मला अडीच वर्षं झाली. आधी चौक बाजारात चंद्रकांत मामांच्या दुकानात सोनं गाळायला आलो. तिथे सगळे आमच्याच तालुक्यातले, म्हणून हिंदी कच्ची राहिली. मग चारबागला हॉटेल, मग अमौसीला विमानतळावर ट्रॉल्या. प्रत्येक काम का सोडलं असं विचारल्यावरून सांगतो की, तीन महिने झाले की मला झोपेतसुद्धा तीच भिंत दिसते. गोमती नगरच्या या ऑफिसात आठ महिने टिकलो. याच्या वर मी कुठे टिकलेलो नाही.

कंपनी फ्लॅटवाल्यांची कागदपत्रं सांभाळते. मी एकेक कागद मशीनवर ठेवून कॉम्प्युटरात घालतो. होळीनंतर कॉम्प्युटरात बोलणारा एआय सहायक बसवला. तो फाइल शोधतो, पत्र लिहितो, मीटिंग लावतो, सफाईवाल्यांना निरोपही देतो. कागदांचं खातं ऋचा मॅडमकडे आहे. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, अब हर काम इसी को बोलिए.

मंगळवारी सकाळी ११.४० वाजता ऋचा मॅडमनी मला सांगितलं की स्कॅन झालेले तिसऱ्या मजल्यावरचे एकोणीस गठ्ठे तळघराच्या खोलीत ठेवून घ्या. लिफ्ट बंद होती. हर काम इसी को, म्हणून मी सहायकाला म्हटलं, "भैया, तीसरी मंज़िल की सब फाइलें खाली करो." मला म्हणायचं होतं, खाली ने, कुणालातरी पाठव. 'नीचे' हा शब्द मला येतो. हॉटेलात दिवसातून शंभर वेळा म्हणायचो. पण समोर जिने दिसले की तोंडातून आपलंच येतं. कॉम्प्युटरातही 'तीसरी मंज़िल' नावाचा कप्पा आहे हे मला ठाऊक नव्हतं.

तो म्हणाला, "चार हज़ार तीन सौ अठारह फाइलें खाली कर दूँ?" बसल्या जागी मोजूनही झाल्या याचं मला कौतुक वाटलं. मी हाँ म्हटलं. मग त्याने विचारलं, "रद्दी की टोकरी भी खाली कर दूँ?" माझ्या टेबलाजवळ रद्दीची टोपली भरलेली होतीच. मी म्हटलं, "हाँ यार, बड़ी मेहरबानी." तो म्हणाला, हो गया.

अर्धा तास वाट पाहिली. कुणी आलं नाही. मला वाटलं हाही ऑफिसातल्या बाकीच्यांसारखाच निघाला, जागेवरून न हलता हो गया म्हणतो. मग मी स्वतः एकोणीस फेऱ्या केल्या. विसावी टोपलीची. ३.५० वाजता खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

बुधवारी सकाळी दहाला मॅनेजर ऋषभ सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते लखनौचे आहेत. इथले लोक चिडले तरी आप म्हणतात, त्यामुळे ते किती चिडलेत हे मला उशिरा कळतं.

"फाइलें कहाँ हैं?"

"खाली हैं, सर."

"वही तो पूछ रहा हूँ. खाली क्यों हैं?"

"मैडम ने बोला था."

यावर ऋचा मॅडम रडायला लागल्या. मी असं कधी म्हटलं, असं त्या म्हणाल्या. मी म्हटलं, दारात उभं राहून म्हणालात. सर म्हणाले की आप हमें बर्बाद करके मुस्कुरा भी रहे हैं. त्याबाबत सांगतो की, घाबरलो की माझं तोंड तसं होतं.

सरांचं म्हणणं, दुसऱ्या कंपनीने मला पैसे चारले. त्यांनी फिर्याद दिली. कॉम्प्युटरातला कप्पा आणि तिथली रद्दीची टोपली रिकामी झाल्याची नोंदही दिली. तीत 'आदेश के अनुसार खाली किया गया' असं आहे. दरोगाजींनी विचारलं, किसके आदेश? मी म्हटलं, मीच. आपको आदेश किसने बनाया? मी म्हटलं, आत्याने, बारशाला. त्यावर आत्याचा पत्ता लिहून घेतला गेला. तो काढून टाकावा. ती विट्याला असते, तिचा यात काही हात नाही.

गुन्हा दाखल झाला तर नोकरी जाईलच, पण पुढेही कुठल्या ऑफिसात मला कागदाला हात लावू देणार नाहीत, हे दरोगाजींनी मला समजावून सांगितलं. मला ते आधीच समजलं होतं.

आज गुरुवारी त्यांनी फाइली कुठे आहेत असं परत विचारलं. मी खाली म्हटलं. ते म्हणाले, खाली हैं ये तो पूरा थाना जानता है. तेव्हा मला वैताग आला आणि मी बोट जमिनीकडे केलं. त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं. मी किल्ली काढून दिली. शिपाई तळघरात जाऊन आला. एकोणीस गठ्ठे, एक टोपली.

मधुमतीताई लिहिता लिहिता थांबल्या. म्हणाल्या, "मी नवीन असताना गॅसवाल्याला सिलेंडर खाली रख दो म्हटलं होतं. तो शपथा घेत होता, मैडम, भरा हुआ है." दरोगाजी पहिल्यांदा हसले. शेजारी बसलेले ऋषभ सर हसले नाहीत.

माझा फोन तपासला. त्यात जमा फक्त पगार, महिना ११,५००. बाहेर दर महिन्याला सात हजार, मुक्ता नावाने. ही मुक्ता कोण असं विचारल्यावरून सांगतो की, सख्खी बहीण, मिरजेला नर्सिंग शिकते, पास होते.

सरांनी गुन्हा नको असं लिहून दिलं. अट अशी की सगळे कागद मी पहिल्यापासून स्कॅन करायचे आणि या महिन्याचा पगार अर्धा, म्हणजे ५,७५०. दोन्ही कबूल. सरांबरोबर आलेल्या ऋचा मॅडम माझ्याशी अजून बोलत नाहीत. फक्त एकदा बोट दाखवून 'नीचे' म्हणाल्या आणि माझ्याकडून म्हणवून घेतलं.

सहायकाचा जबाब कुणी घेतलेला नाही. माझी हरकत नाही. घेतला तर तो खरंच सांगेल. तो खोटं बोलत नाही, फक्त हिंदी बोलतो.

वरचं सगळं ताईंनी मला मोठ्याने मराठीत आणि दरोगाजींना हिंदीत ऐकवलं. मी बोललो तेच आणि तेवढंच त्यात आहे, म्हणून सही करतो. फोन परत मिळाला. मुक्ताची फी आज शेवटची आहे. तिला यातलं काही कळवायचं नाही. सही झाली की इथूनच पाठवतो, दर महिन्याला तेवढेच, रुपये सात हजार.