लोड हवेत असताना

दि. ११/०२/२०२५, सायंकाळी ७.१० वा.

मी सौ. ज्ञानेश्वरी इंद्रजीत खंडागळे, वय ३६ वर्षे, धंदा घरी शिवणकाम (कारखान्यांचे गणवेश), रा. बेटेगाव, बोईसर पूर्व, ता. जि. पालघर, मूळ रा. ता. अंबड, जि. जालना.

पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देते की, वरील पत्त्यावर मी, माझे पती इंद्रजीत व सासरे पुंजाराम सखाराम खंडागळे, वय ७६, असे राहतो. पती औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात ऑपरेटर आहेत. आज त्यांची दुपारची पाळी होती. पाळीवर जाताना मोबाईल गेटवर जमा करावा लागतो, त्यामुळे आजच्या प्रकाराच्या वेळी त्यांच्याशी माझा संपर्क झाला नाही.

माझे सासरे सत्तावीस वर्षे एका क्रेन कंत्राटदाराकडे सिग्नलमन होते. क्रेन चालवणाऱ्याला केबिनमधून खालचे सगळे दिसत नाही. खाली उभे राहून हाताच्या खुणांनी आणि वॉकीटॉकीवरून त्याला वर, खाली, डावे, उजवे सांगणारा तो सिग्नलमन. बोईसरच्या बऱ्याच कारखान्यांच्या शेडवर आणि काही काळ तारापूरच्या अणुऊर्जा प्रकल्पाच्या बाजूलाही त्यांनी काम केलेले आहे.

साधारण अडीच वर्षांपासून त्यांना विसरण्याचा आजार आहे. पालघरच्या डॉक्टरांचे कागद सोबत देत आहे. ते माणसे ओळखत नाहीत. मला पूर्वी ज्ञाना म्हणायचे. आता म्हणत नाहीत. दोन वेळा ते घराबाहेर जाऊन चुकले, एकदा मनोरपर्यंत गेले. आम्ही त्यांना मोबाईल घेऊन दिला होता. तो वाजला की ते दचकायचे. एकदा तो पिठाच्या डब्यात सापडला.

वॉकीटॉकी सेट त्यांच्याकडे कसे आले असे विचारल्यावरून सांगते की, मागील वर्षी आमच्या शेजारी इमारतीचे काम सुरू होते. तेथील माणूस वॉकीटॉकीवर बोलत होता. सासरे त्या वेळी दोन दिवस कोणाशी बोललेले नव्हते. ते गॅलरीत उठून उभे राहिले आणि त्या माणसाला म्हणाले, "आवाज फाटू लागलाय. सेट तोंडापासून चार बोटं लांब धर." त्याने तसे केले आणि आवाज स्वच्छ झाला. त्याच आठवड्यात मी बोईसरच्या दुकानातून दोन सेटची जोडी घेतली. हे सेट कमी पल्ल्याचे आहेत, यांना परवाना लागत नाही, असे दुकानदाराने सांगितले. पावती जोडली आहे.

सेट वापरायला मला दुकानदाराने शिकवले नाही, सासऱ्यांनी शिकवले. बटण दाबल्याबरोबर बोलायचे नाही, एक श्वास थांबायचे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. दोन वाक्ये बोलून बटण सोडायचे, कारण आपण बोलत असेपर्यंत समोरचा बोलू शकत नाही. अँटेना धरून सेट उचलायचा नाही. उन्हात खिडकीवर ठेवायचा नाही. हिरवा दिवा लागला की चार्जिंगवरून काढायचा. घामाने ओला झाला तर कोरड्या फडक्याने पुसायचा, चार्जिंगच्या पितळी पट्ट्याही पुसायच्या. एक बॅटरी सेटमध्ये, एक अंगावर. हे त्यांनी मला एकदा नाही, बऱ्याच वेळा शिकवले. दर वेळी पहिल्यांदाच शिकवत असल्यासारखे शिकवले. मीही दर वेळी शिकले.

"कंट्रोल" म्हणजे कोण, ही काही खूण आहे काय, असे मला दोन वेळा विचारण्यात आले. कंट्रोल म्हणजे मी. सेटवर ते मला तसे म्हणतात, समोर आले की मॅडम म्हणतात. सेट हातात असताना ते आपले नाव सांगतात, कुठे आहेत ते सांगतात, जेवले की नाही तेही सांगतात. एरवी यातले काही सांगता येत नाही. मी कंट्रोल झाल्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आज दुपारी ३.३० वा. ते नेहमीप्रमाणे इमारतीमागच्या चिंचेखाली बसायला गेले. सेट त्यांच्याजवळ होता. जादाची बॅटरी ते शर्टाच्या आतल्या खिशात ठेवतात. तो खिसा उसवला होता म्हणून सकाळी मी शर्ट शिवायला घेतला आणि बॅटरी माझ्या पिशवीत टाकली. त्यांना दुसरा शर्ट घातला. बॅटरी द्यायची राहिली. ही चूक माझी आहे.

मी दर पंधरा मिनिटांनी सेटवर बोलते. ३.४५ वा. उत्तर आले. ४.०० वा. आले नाही. मी खाली गेले. ते चिंचेखाली नव्हते. आसपास विचारत नाक्यावर आले तेव्हा तेथील रिक्षाचालक मेहुल संखे परत येताना भेटले. त्यांनी सांगितले, "आजोबा बोलले, ड्युटीवर जायचा हाय, प्रकल्पाच्या रस्त्याला सोड. मी सोडला. मना काय म्हायती, वहिनी." मी त्यांच्याच रिक्षात बसले. मेहुल यांनी वाटेत एकही सवारी घेतली नाही.

सेटचा पल्ला वस्तीत एक किलोमीटरही धड नाही. म्हणून मी मेहुल यांना थोड्या थोड्या अंतरावर रिक्षा थांबवायला सांगत होते. उतरून, सेट उभा धरून हाक देत होते, उत्तराची वाट पाहत होते, पुन्हा बसत होते. असे किती वेळा केले ते मोजले नाही. साधारण ५.१५ वा. खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सेटमधून आवाज आला. तो सासऱ्यांचा नव्हता. "कौन बोल रहा है? किधर से बोल रहा है?" असे विचारले गेले. मी सांगितले की मी त्यांची सून बोलत आहे.

पुढे प्रकल्पाच्या संरक्षित हद्दीचा फलक आहे. तेथे सुरक्षा विभागाच्या जवानांनी आमची रिक्षा अडवली. मला माझा सेट खाली ठेवायला सांगितला, मी ठेवला. जवानांचे म्हणणे असे की, एक म्हातारा हद्दीजवळ दगडी बांधाच्या टोकावर उभा आहे, हातात वॉकीटॉकी आहे, हाताने कुणाला तरी खुणा करतो आहे आणि त्याच्या सेटवर बाईचा आवाज येतो आहे. त्यांनी त्याच्या हातून सेट घेऊन मला विचारले होते. त्यानंतर म्हातारा झटापट करू लागला म्हणून सेट परत त्याच्या हातात दिला होता. आता कोणी जवळ गेले की तो हात हलवून ओरडतो आणि मागे सरकतो. मागे खाडीचे पाणी होते. भरती सुरू झालेली होती.

मी जेथे उभी होते तेथून सासरे सुमारे तीनशे मीटर लांब असावेत. मला पुढे सोडले नाही, तो त्यांचा नियम आहे. त्यांनी उजवा हात वर धरलेला होता आणि तळवा खाली केलेला होता, एवढे मला ओळखू आले. ती त्यांनीच मला दाखवलेली, सावकाश खाली घेण्याची खूण आहे.

तेथील जवानांमध्ये वयाने मोठे असलेले एक साहेब होते. मी त्यांना म्हणाले, मला एकदा त्यांच्याशी बोलू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा, काही गैर वाटले तर सेट काढून घ्या. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि सेट उचलून माझ्या हातात दिला. मी बटण दाबून म्हणाले, "पुंजाराम, कंट्रोल बोलतेय. काय स्थिती आहे?"

सासऱ्यांचे उत्तर आले, "कंट्रोल, लोड हवेत हाय. ही माणसं लोडखाली येऊ लागलीत. यांना आधी बाजूला घ्या."

ते जवानांना धमकावत नव्हते. जवान क्रेनच्या ओझ्याखाली येऊ नयेत म्हणून त्यांना मागे हटवत होते. हे मी मोठ्या साहेबांना समजावून सांगितले. लोड हवेत असताना सिग्नलमन जागा सोडत नाही, मग पाऊस येवो की पाळी संपो, हेही सांगितले. साहेबांनी आपल्या माणसांना वीस पावले मागे यायला सांगितले. मी सेटवर कळवले की माणसे बाजूला झाली, लोड खाली घेऊ.

त्यानंतर ते सांगत गेले आणि मी तेच शब्द परत बोलत गेले. खाली, हळू. खाली, हळू. थोडं डावीकडं. थांब. पुन्हा खाली. मला क्रेनमधले काही कळत नाही. मी फक्त घाई केली नाही.

चार-पाच मिनिटे झाली असतील. त्यांच्या सेटमधून बारीक बीप येऊ लागला. बॅटरी संपत आली की तसा येतो. जादाची बॅटरी माझ्या पिशवीत होती. बीप ऐकल्यावर त्यांचा आवाज बदलला. इतक्या वर्षांत मी त्यांचा तो आवाज ऐकलेला नव्हता. ते म्हणाले, "कंट्रोल, बॅटरी चालली. जानू खालीच हाय. जानूला कुनी सांगितलं नाही."

जानू कोण हे मला माहीत नव्हते. विचारायला वेळ नव्हता. मी बटण दाबले, एक श्वास थांबले आणि म्हणाले, "जानू बाजूला झालाय."

"तुमाला दिसतोय का?"

"दिसतोय. माझ्याशेजारी उभा आहे."

हे मी खोटे बोलले. पोलिसांसमोर स्वखुशीने नमूद करते. त्या वेळी माझ्याशेजारी रिक्षाचालक मेहुल संखे उभे होते.

मग सेटवरून सासरे म्हणाले, "लागलं नाही ना त्याला?" मी सांगितले, नाही, काही लागले नाही. त्यांनी विचारले, लोड टेकला का. मी म्हणाले, टेकला. लोडचे पट्टे सुटले का. सुटले. यानंतर त्यांचा सेट बंद पडला.

मी पाहत होते. त्यांनी दोन्ही हात खाली घेतले. सेट शर्टाच्या टोकाने पुसला. मग ते स्वतःहून बांधावरून उतरू लागले. एके ठिकाणी त्यांचा पाय घसरला व गुडघ्याला खरचटले. तोवर मोठे साहेब तेथे पोचले होते, त्यांनी हात दिला. सासऱ्यांनी तो धरला. वेळ ५.५० च्या सुमारास असावी. त्यांच्या अंगझडतीत सेट, रुमाल आणि चिंचेची दोन बोटुके मिळाली. कोणीही त्यांना मारहाण केलेली नाही, अपशब्द बोललेले नाहीत.

तेथून आम्हाला पोलीस ठाण्यात आणण्यात आले. ६.३० वा. माझे पती इंद्रजीत निरोप मिळाल्यावर कारखान्यातून आले. मी त्यांना विचारले की जानू कोण. त्यांनी जे सांगितले ते असे की, बावीस-तेवीस वर्षांपूर्वी एका शेडच्या कामावर सासऱ्यांच्या हाताखाली जानू नावाचा जव्हारकडचा माणूस होता. लोखंडी तुळई वर असताना सासऱ्यांच्या सेटची बॅटरी गेली. क्रेनवाल्याला थांब हा शब्द पोचला नाही. जानू जागीच गेला. चौकशीत सासऱ्यांवर दोष आला नाही. त्यानंतरही ते सहा वर्षे त्याच कामावर होते, पण घरी याविषयी बोलले नाहीत. पती तेव्हा शाळेत होते. त्यांनी एवढेच पाहिले होते की वडील रोज संध्याकाळी दारात बसून कामावरच्या साहेबांच्या सेटपासून सगळ्यांच्या बॅटऱ्या घरी आणून एकेक करून पुसतात. आमच्या लग्नाला चौदा वर्षे झाली. मला हे आज कळले.

पती हे सांगत असताना सासरे समोरच्या बाकावर बसून चहा पीत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, पण ते आपल्याविषयी चालले आहे असे त्यांना वाटले नसावे. चहा त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला. पांघरायला हवालदार वर्षाराणी मॅडम यांनी आपली शाल दिली आहे, ती घरून धुऊन परत करीन.

दोन्ही सेट पंचनाम्याने ताब्यात घेतले आहेत. त्याला माझी हरकत नाही. तपास झाल्यावर ते आम्हाला परत मिळावेत अशी विनंती आहे. हे सेट कोणत्याही गैरकामासाठी वापरलेले नाहीत. सुरक्षा विभागाच्या जवानांविरुद्ध अथवा रिक्षाचालक मेहुल संखे यांच्याविरुद्ध माझी तक्रार नाही. यापुढे सासऱ्यांना एकटे खाली सोडणार नाही, मी मशीन खाली नेऊन तेथेच शिवत बसेन.

सेट नसताना सासरे माझ्याशी आपणहून बोलत नाहीत. आता थोड्या वेळापूर्वी, जबाब लिहिणे चालू असताना, ते बाकावरून उठून माझ्याजवळ आले आणि म्हणाले, "मॅडम, तुमचं घर कुनीकडं?" मी सांगितले, बेटेगावला. ते म्हणाले, "मंग आमच्याच वाटंवर हाय. दिस मावळला. एकल्या जाऊ नका, मी सोडतो तुमाला." मी बरं म्हणाले.

वरचे सगळे मी सांगितले तसे वर्षाराणी मॅडम यांनी लिहून घेतले व मला मोठ्याने वाचून दाखवले. ते मला समजले, त्यात माझ्या सांगण्यापेक्षा जास्त-कमी काही नाही, ते खरे आहे. सासरे मला घरी सोडण्यासाठी चपला घालून दारात थांबले आहेत, म्हणून सही करून निघत आहे.

सही/-
ज्ञानेश्वरी इंद्रजीत खंडागळे