टोकं कापलेलं घायपात

आई : हे कोणी केलं?

लेक : आधी बस बघू. दवाखान्यातून येऊन घरात धड पाऊल टाकलं नाहीस, आणि वॉकर खडखडवत बाल्कनीत कसली चाललीस!

आई : बसणार नाही. इतके दिवस बसून आणि झोपूनच होते. मी विचारतेय, माझ्या घायपाताची टोकं कोणी कापली?

लेक : मी.

आई : सगळ्या कुंड्यांमधली?

लेक : त्या मोठ्याला सोडून. तुझ्या मुकादमाला. त्याच्याजवळ जायची माझी हिंमत झाली नाही.

आई : शाबास रे मुकादमा! एकाने तरी घराण्याचं नाव राखलं.

लेक : अगं, सुयांसारखी टोकं होती ती. तू आता वॉकर घेऊन फिरणार. तोल गेला आणि डोळ्यात गेलं म्हणजे?

आई : मी पडले बाथरूममध्ये. मग नळ का नाही कापलास?

लेक : तुझ्याशी बोलणं म्हणजे ना...

आई : आणि कापायचंच होतं तर शेंड्यावरचा काळा काटा तेवढा काढायचा. नेलकटरने निघतो तो. तू बोट बोट पान छाटून ठेवलंस! बघ, कडा कशा करपल्यात.

लेक : वाढेल की परत.

आई : काय वाढेल?

लेक : टोक. नखासारखं.

आई : नखासारखं! अगं, पान एकदा कापलं की कापलं. ते थोटंच राहतं. आणि ही माती बघ. घाल बोट. नाक मुरडू नकोस, घाल.

लेक : ओली आहे.

आई : पाणी कधी घातलंस?

लेक : रोज घालत होते. ऑफिसला जाताना वाट वाकडी करून येत होते. म्हटलं, आई घरात नाही, निदान झाडांची आबाळ नको.

आई : कपाळ माझं! घायपाताला रोज पाणी! हे झाड तहानेने मरत नाही, पाण्याने मरतं. माती तळापर्यंत कोरडीठाक झाली की एकदा भरपूर पाणी द्यायचं आणि विसरून जायचं. म्हणून तर लावलंय मी. जन्मभर सगळ्यांचं वेळच्या वेळी केलं, म्हटलं, ज्याला विसरून चालतं असं एक तरी कोणी घरात असावं.

लेक : बोल, अजून बोल.

आई : त्या कडेच्या धाकटीला कुंडीतून काढ. खालची पानं मऊ पडलीत, मुळं सडली असणार. सडकी मुळं कापू, झाड सावलीत सुकवत ठेवू आणि मग निम्मी खडी घालून परत लावू. जगेल बहुतेक.

लेक : आत्ता नको. पाच वाजत आलेत.

आई : पाचला काय आहे?

लेक : काही नाही. तू दमली असशील म्हणून म्हटलं.

आई : ह्या उकाड्यात तू लांब बाह्या कशाला घातल्यास?

लेक : आवडतात मला.

आई : वर कर.

लेक : आई...

आई : बाही वर कर म्हणते ना! अगं बाई गं. कोपरापर्यंत लाल झालाय हात! चीक लागलाय तुला. हातमोजे घातले नव्हतेस?

लेक : नाही. रात्रभर खाजतंय.

आई : आणि डॉक्टर?

लेक : काय सांगू डॉक्टरला, झाडाशी मारामारी केली म्हणून? लाज वाटली.

आई : जा, साबण लावून गार पाण्याने धुऊन ये. टॉवेलने घासू नकोस, टिपून घे. आणि येताना औषधांच्या डब्यातलं ते गुलाबी लोशन आण.

लेक : हे घे, आणलं. राहू दे, माझं मी लावते.

आई : मी लावते. बस इथे. हात सरळ धर.

लेक : झोंबतंय.

आई : झोंबू दे. फू... फू...

लेक : फुंकर काय घालतेस! मी काय लहान आहे?

आई : नाही ना? मग मी काय लहान आहे?

लेक : म्हणजे?

आई : म्हणजे खरं सांग. माझ्या डोळ्याला जपायला टोकं कापलीस? माझ्याकडे बघून सांग.

लेक : थोडं तेही होतं.

आई : आणि बाकीचं?

लेक : पाचला लोक येताहेत. घर बघायला. त्यांना लहान मुलं आहेत. एजंट म्हणाला, मागच्या वेळी त्यांच्या पोराला बोचलं, तेवढं काटेरी काय ते नीट करून घ्या.

आई : मागच्या वेळी.

लेक : दोनदा येऊन गेलेत.

आई : मी तिकडे पाय बांधून पडलेली, आणि इकडे परकी माणसं माझी कपाटं उघडून बघताहेत!

लेक : कपाटं नाही उघडली गं कोणी. दादाने ठरवलं सगळं. त्याच्याकडे खोली तयार आहे तुझ्यासाठी, रंगसुद्धा दिलाय. खिडकीत एक छोटी कुंडी ठेवायला हरकत नाही म्हणालाय.

आई : हरकत नाही म्हणाला! फार उपकार झाले. त्याच्या त्या खिडकीत दिवसभर ट्यूबलाइट लावावी लागते. तिथे घायपात ठेवलं तर पानं उजेडासाठी लांबत लांबत फिकी पडतील आणि एक दिवस आडवी होतील. माझंही तेच होईल.

लेक : दादा वाईट नाहीये गं.

आई : वाईट कोण म्हणतंय? माझंच पोर आहे ते. पण मला न विचारता माझं घर दाखवतो, आणि तू त्याच्यासाठी झाडं बोथट करून ठेवतेस. मी नाही जाणार. सही करणार नाही, खोलीत राहणार नाही, रंग कितीही छान असू दे.

लेक : आणि परत पडलीस तर? तुला सोपं आहे गं बोलायला. त्या दिवशी घराच्या दाराबाहेर मी होते. तू आत कण्हत होतीस आणि मला ऐकू येत होतं. किल्लीवाला येऊन कुलूप उघडेपर्यंत मी दारावर डोकं आपटत होते. अजून तो आवाज कानात आहे माझ्या. तुला नाही कळायचं ते.

आई : मलाही ऐकू येत होतीस तू.

लेक : मग?

आई : मग काय. घाबरले होते मी. फरशी गार होती, पाय हलत नव्हता, वाटलं, संपलं आता. भीती वाटत नाही असं मी कुठे म्हणते? पण ती माझी भीती आहे. तुम्ही दोघं तिच्यापायी माझं घर विकायला कशाला काढता? बाथरूममध्ये धरायला दांडा बसवू. तिथली कडी आतून लावणार नाही. शेजारीण सकाळ-संध्याकाळ हाक मारेल, नाहीतरी तिला कोणाच्या घरात काय चाललंय ते बघायचंच असतं.

लेक : आणि किल्ली?

आई : कसली किल्ली?

लेक : घराची. दादाला दिली नाहीस, मला दिली नाहीस. इतकी वर्षं मागतेय. दवाखान्यात तुझ्या पर्समधून काढून घ्यावी लागली मला. देऊन टाकली असतीस तर त्या दिवशी किल्लीवाल्याची वाट बघावी लागली नसती.

आई : हं.

लेक : हं काय? ह्यात चूक कोणाची, सांग ना आता.

आई : माझी. बोलले, झालं समाधान? नोकरीत होते तेव्हा कारखान्यातून सुटून आले की दार लावून घ्यायचे. तेवढं एकच दार होतं, जे मी उघडल्याशिवाय उघडायचं नाही. त्याची किल्ली कोणाला द्यायला जिवावर यायचं. ती आता तुझ्याकडेच ठेव. पण बेल वाजवून यायचं. उठसूट घुसायचं नाही.

लेक : बरं.

आई : आणि पाणी घालायचं नाही.

लेक : नाही गं बाई! ए आई, ह्या पानाच्या पाठीवर ही नक्षी कसली? दातांनी चावल्यासारखी?

आई : शेजारच्या पानाची खूण आहे ती. आत कोंबात सगळी घट्ट चिकटून असतात, तेव्हा एकाचे काटे दुसऱ्याच्या पाठीत रुततात. मोकळी झाली तरी ते वळ जात नाहीत.

लेक : इतकी वर्षं मी बघितलंच नव्हतं.

आई : कापायला म्हणून का होईना, जवळ गेलीस.

(दारावरची बेल वाजते.)

लेक : आले ते. तू आत जा. मी काहीतरी सांगते त्यांना, बरं नाही म्हणून.

आई : मला छान बरं आहे. वॉकर दे.

लेक : अगं, मी उघडते ना.

आई : तू हात वाळव. दार मी उघडणार. वाजवू दे बेल, मला वेळ लागतो एवढंच.

लेक : जपून. उंबऱ्याशी पाय उचल.

एजंट : आजी, तुम्ही? अरे वा, आलात का घरी! ताई आहेत ना? ही मंडळी पुन्हा एकदा बघून जातील, दहा मिनिटांचं काम.

आई : घर विकायचं नाहीये.

एजंट : तुम्ही कशाला त्रास करून घेता? आत्ताच दवाखान्यातून आलात, बसा निवांत. मालकांशी बोलणं झालंय माझं. तुमच्या चिरंजीवांशी.

आई : मी सांगितलं ना, विकायचं नाही.

एजंट : हो हो, आजी. ताई, जरा येता का? मालकांचा फोन लावून देता?

लेक : मालक तुमच्यासमोर उभ्या आहेत.