तळव्याएवढं पातं

(वसई पूर्वेला वालीवमध्ये यंत्रांची कटर बनवणारं आत्मारामचं छोटं वर्कशॉप. रविवारची सकाळ. वटारहून सासू-सून आल्या आहेत, सालोमी आणि रोवेना.)

सालोमी : नको, नको. याने काय पेन्सिलीला टोक काढायचं? सहा इंची कर, आत्माराम. त्याच्या खाली नाही.

आत्माराम : मावशी, अजून लोखंडाला हात लावलेला नाही. हा पुठ्ठा आहे. तीन इंची, चार इंची, सहा इंची, तिन्ही कापून ठेवलेत. आधी कमरेला खोचून बघा, मग माप ठरवू.

सालोमी : घे गं रोवेना, खोच.

रोवेना : मी कशाला? तुम्ही खोचा ना आई.

आत्माराम : थांबा. सुरी आहे कोणासाठी?

सालोमी : हिच्यासाठी.

रोवेना : आईंसाठी!

आत्माराम : बरं झालं विचारलं. चहा सांगतो. तुम्ही आधी आपसात ठरवा.

रोवेना : काका, फोनवर मी तुम्हाला काय बोलले? वाडीत रोज जवळ ठेवायची सुरी. वाडीत रोज कोण असतं? आई. माझी सहा महिन्यांची रजा संपतेय, ऑफिसने एक तारखेला परत बोलावलंय. मग दिवसभर या एकट्याच.

सालोमी : आणि मी हिला म्हटलं, चल, आत्मारामकडे जाऊ, तुला सुरी घेऊन देते. 'तुला' म्हटलं की नाही?

रोवेना : मला वाटलं तुम्ही उगाच म्हणताय.

सालोमी : सहा महिने झाले लग्नाच्या साड्या कपाटात ठेवून माझे जुने झगे घालून वाडीत राबतेय. हिला काही घेऊन द्यायचं तर ते उगाच?

आत्माराम : रोवेना, बोटाला काय झालं?

रोवेना : तीन टाके. घडीच्या चाकूने.

सालोमी : काही नाही झालं मला. धड आहे मी.

आत्माराम : मी बोटाचं विचारलं, मावशी. तुम्ही कशाचं सांगताय?

रोवेना : सांगू का?

सालोमी : सांग. तसंही तुझ्या पोटात राहणार नाही.

रोवेना : राहिलंय की! पंधरा दिवस गॉडफ्रेला बोलले नाही मी. स्वतःच्या नवऱ्याला! त्याला सांगितलंय, केळीचा घड कापताना लागलं. काका, आमच्या वाडीत बावखल आहे, ते छोटं तळं, त्यातून पाणी घेतो. मोटर पाणी खेचेना. पाइपच्या तोंडाची जाळी पाल्याने भरली होती. तर या, वय वर्षं अडुसष्ट, एकट्या उतरल्या साफ करायला.

सालोमी : चाळीस वर्षं उतरतेय.

रोवेना : खाली नायलॉनची जुनी दोरी होती. पाय अडकला. ओढला तेवढी ती आवळत गेली.

आत्माराम : पाणी किती होतं?

सालोमी : गुडघ्याएवढं.

रोवेना : आई.

सालोमी : कमरेच्या जरा वर.

रोवेना : आई!

सालोमी : बरं, उभी होते तोवर छातीला. पण तळ चिखलाचा, आणि चिखलात पाय जात होता तो जातच होता.

रोवेना : मी पानवेलीत होते. आवाज ऐकला, धावले, उडी मारली. खिशात चाकू होता, ऑनलाइन मागवलेला, घडीचा, एकदम स्टायलिश. हाताला शेवाळ. तो उघडेचना! नख घसरतंय, बोट घसरतंय. शेवटी दातांनी उघडला. दोरीवर जोर दिला आणि तो माझ्याच बोटावर मिटला.

आत्माराम : खटका सुटला. आत चिखल गेला की सुटतो.

सालोमी : काठावर माझा कोयता पडला होता. मी सांगत होते, कोयता आण, कोयता आण.

रोवेना : आणि पाण्याखाली काही दिसत नाही, तिथे तुमच्या घोट्यावर कोयता चालवू? पाय गेला असता. मग तोच चाकू हाताने उघडा धरून कापत बसले. कापली कशीबशी.

आत्माराम : किती वेळ लागला?

सालोमी : तीन वेळा 'नमो मारिया' म्हणून झालं. चौथं चालू होतं तेव्हा पाय सुटला.

आत्माराम : अहो, मग एवढं सगळं घडलं म्हणून आलात, आणि मला सांगता पेन्सिलीला टोक!

सालोमी : भीती वाटली म्हणून सांगत फिरू? गॉडफ्रेला कळलं तर तो मला गॅलरीत खुर्ची टाकून बसवेल. कुंड्यांना पाणी घाला म्हणेल. मी वाडीवालीण, कुंड्यांना पाणी घालू?

रोवेना : म्हणूनच नाही सांगितलं त्याला.

सालोमी : ...मला वाटलं, तू विसरलीस सांगायला.

रोवेना : असं विसरतं का कोणी?

आत्माराम : चहा घ्या. आता मापाचं बघू. घडीची नको, ते ठरलं. पातं मुठीतून आरपार, अखंड, मिटायचं नाव नाही. कापणारी तूच, तर सुरी तुझी. रोवेना, हा सहा इंची पुठ्ठा खोच. आता बस खाली, पानं खुडायला बसतात तशी.

रोवेना : आई गं! मांडीत घुसतोय.

आत्माराम : पुठ्ठा आहे म्हणून हसतेस. दिवसातून पन्नास वेळा बसणार-उठणार. दोन दिवसांत काढून खिळ्याला टांगशील. आणि गरज पडेल तेव्हा सुरी खिळ्याला, तू बावखलात. मोठं पातं दिसायला भारी असतं, मावशी, पण जे जड होतं ते माणूस घरी ठेवतो.

सालोमी : शहाळं कसं फोडणार मग?

आत्माराम : कोयत्याने! कोयता काय मोडीत काढताय? त्याचं काम तो करेल. ही सुरी ठिबकची नळी, खताची गोणी, सुतळी, वेल बांधायचं केळीचं सोपट, असल्या कामांची. आता हा तीन इंची.

रोवेना : हा मस्त. लागतच नाही अंगाला.

आत्माराम : हा दोरखंड धर. जाड आहे. पुठ्ठा त्याच्यावर ओढून बघ. पातं दोरीला पूर्ण ओलांडतंय?

रोवेना : ओलांडतंय, पण... ओढायला जागा उरत नाही. टोकच निसटतंय.

आत्माराम : पाण्याखाली तेच होईल. आता चार इंची. बस. ऊठ. वाक. दोरीवर ओढ.

रोवेना : बसताना लागत नाही. ओढायला जागा आहे.

आत्माराम : हात पसर. तळव्यावर पातं आडवं ठेव. या काठापासून त्या काठापर्यंत, वर थोडं. माझे वडील असंच मोजायचे. ज्याचा हात, त्याचं पातं. कायमच्या वापराला त्याहून मोठं नको.

सालोमी : मग चार इंची.

आत्माराम : मूठ शिसवीची, जरा खडबडीत ठेवतो, ओल्या हातात फिरणार नाही. म्यान चामड्याचं नको, भिजून कुजतं. पीव्हीसीचा पाइप गरम करून चपटा करतो, खाली भोक ठेवतो पाणी निथळायला. आणि वाडीतून बाहेर पडताना काढून ठेवायची. बँकेत, बस स्टँडवर कमरेला सुरी नको.

सालोमी : मिस्सेला?

आत्माराम : मावशी!

सालोमी : विचारलं फक्त. फादर घाबरतील म्हणून.

आत्माराम : पोलाद दोन प्रकारचं आहे माझ्याकडे. करवतीच्या पात्याचं धार छान धरतं, पण रोज पुसून तेलाचा हात द्यावा लागतो, नाहीतर गंजेल. स्टेनलेस आठवड्यातून एकदा हातात घेतली तरी चालतं. म्हणून विचारतो. ही रोज लागणार, की सुट्टीच्या दिवसापुरती?

सालोमी : स्टेनलेस कर. ऑफिस सुरू झालं की हिला रविवारच मिळणार. तोही अर्धा.

रोवेना : करवतीचं करा, काका.

सालोमी : अगं, रोज कोण पुसणार?

रोवेना : मी पुसणार.

सालोमी : वटारहून अंधेरीला जाऊन?

रोवेना : आई, ऑफिसच्या मेलला मी अजून उत्तर दिलेलं नाही. तीन आठवडे झाले. रोज लिहायला बसते, 'येते' एवढंच लिहायचं असतं, ते लिहून होत नाही. मग उठून पानवेलीला पाणी सोडते.

सालोमी : बावखलामुळे म्हणत असशील तर नको. माझ्यावर पहारा ठेवायला नोकरी सोडू नकोस. मला नाही चालणार ते.

रोवेना : पहारा नाही. मेल बावखलाच्या आधी आला होता. तेव्हाही लिहून होत नव्हतं. मला आवडतं तिथे. बावीस वेली मी लावल्यात, त्यातल्या एकोणीस चढल्या. ऑफिसात बारा वर्षांत माझं काहीच वर चढलं नाही.

सालोमी : गॉडफ्रे काय म्हणाला?

रोवेना : म्हणाला, आईला विचार. वाडी तिची आहे.

सालोमी : आणि तीन आठवडे विचारलं नाहीस?

रोवेना : तुम्ही नाही म्हणाल असं वाटलं. पहिल्या महिन्यात तुम्ही माझी बांधलेली प्रत्येक वेल सोडून परत बांधत होता.

सालोमी : पहिल्या महिन्यात. आता बांधते का?

रोवेना : ...नाही.

सालोमी : मग?

रोवेना : एक अट आहे माझी. बावखलात एकटं उतरायचं नाही. मला हाक मारायची, मी काठावर असेन.

सालोमी : सुरी लावून?

रोवेना : सुरी लावून.

सालोमी : हाक मारीन. पण उतरणार मीच. तुला त्या जाळीतलं काही कळत नाही.

रोवेना : शिकवा मग.

सालोमी : बघू. आत्माराम, करवतीचं पोलाद. चार इंची. पैसे मी देणार, हिच्याकडून घेशील तर माझ्याशी गाठ आहे.

आत्माराम : येत्या रविवारी मिळेल. रोवेना, मुठीचं माप घेतो. उजवा हात दे. असा पुठ्ठा घट्ट धर. म्यानाची पट्टी उजव्या बाजूला...

सालोमी : डाव्या.

आत्माराम : काय?

सालोमी : डावखुरी आहे ती. म्यान डाव्या बाजूला कर.

रोवेना : असू दे काका, उजव्या बाजूलाही चालेल. ऑफिसात सगळं उजव्यांचंच असायचं, सवय आहे मला. पण आई, तुम्हाला कधी कळलं? मी तर कधी बोलले नाही.

सालोमी : एकाच वेलीची पानं आपण दोघी समोरासमोर उभ्या राहून खुडतो. आपले हात सारखे एकमेकींना लागतात. दोघी उजव्या असतो तर लागले असते का?