पूर्वीला चालेल असं दूध

...नाही हो, बकरीचंही नाही चालत! तेच तर सांगतोय मघापासून! जो भेटतो तो मला नवीन जनावर सुचवतो. गाईचं नाही? बकरीचं द्या. बकरीचं नाही? उंटिणीचं मिळतं म्हणे ऑनलाइन! अहो, दीड वर्षाची पोर आहे माझी, पूर्वी. तिला वाटीभर दूध हवंय, सर्कस नकोय!

तुम्हाला सांगतो, आम्ही भिवंडीजवळच्या दापोड्याचे. आमची शेतं होती तिथं आता गोदामं, त्यातल्याच एकात मी सुपरवायझर. पण आमच्या आईनं, काशीबाईनं, घरामागच्या दोन म्हशी काही सोडल्या नाहीत. तिचं एकच म्हणणं, "दुदाबिगर मानूस उभा ऱ्हात न्हाय." आणि त्याच घरात ही नात! म्हशीचं पाजलं, अंगभर गांध्या. सोयाचं पाजलं, सगळं बाहेर. बदामाचं बोटभर चाटवलं, ओठाचा वडा! शेंगदाणा तर लांबूनच नको. शेवटी उरला नारळ. म्हटलं, आपल्याकडची पोर, नारळाला कशी नाही म्हणेल? म्हणाली! दिवसातून आठ लंगोट भरून म्हणाली! मी आपला बघतच राहिलो!

आणि गंमत बघा, माझ्या गोदामात या सगळ्या दुधांचे खोके पार छताला टेकलेत. फोर्कलिफ्टवाला विचारतो, "साब, इतना दूध, एक भी नहीं चलता?" "नहीं." "फिर बच्ची पीती क्या है?" आता काय सांगू त्याला? आईचं पिते! आणि त्या आईनं, म्हणजे आमच्या वैशालीनं, लेकीला चालत नाही ते सगळं स्वतःच्या ताटातनं काढून टाकलं. डॉक्टरांनीच सांगितलेलं. वर्षभर कोरा चहा! नारळाशिवाय माशाचं कालवण! आगरी घरात! कुरकुर? एका शब्दानं नाही. मी एक दिवस म्हटलं, "अगं, तुला वाटत नाही का काही?" तर म्हणते, "वाटतं हो. पण तिला खाज येत नाही ना आता." झालं... विषय संपला... मी बघतच राहिलो!

पण आईला हे पटेना. "आमी सात जनांना दुदावर वाढवलं, कुनाला काय झालं न्हाय. डाक्टरीनबाय घाबरवते नुसती!" आणि मग तो कशेळीचा साखरपुडा आला, माझ्या मामेबहिणीचा. मांडवात हीऽऽ बासुंदीची भांडी! पूर्वी आजीच्या मांडीवर. आम्ही दोघं पाहुण्यांच्या पाया पडतोय, तेवढ्यात आजीनं... अहो, मायेनंच हो... एक चमचा. एकच! म्हटलं असेल मनात, माझ्या बायच्या तोंडाला गोड लागू दे जरा.

पाच मिनिटांत पोरीचा चेहरा सुजला. डोळे मिटले. छातीतनं शिट्टीसारखा आवाज यायला लागला. वैशालीनं पर्समधलं औषध काढून तोंडात घातलं आणि मला एवढंच म्हणाली, "अहो, गाडी."

गाडी! कशेळीला! भरदुपारी! पुढे कंटेनर, मागे कंटेनर, हाडामांसाचे म्हणाल तर आम्हीच. मी उतरलो आणि रस्त्यात उभा राहून ओरडायला लागलो. काय ओरडलो, आठवत नाही. समोरून आलेल्या कंटेनरमधनं एक दाढीवाला क्लीनर वाकला, गाडीत बघितलं, आणि खाली उडीच मारली! "बच्ची है! पीछे लो! पीछे लो!" बोनेट थोपटत सुटला. आणि तुम्हाला सांगतो, तो कंटेनर मागे गेला. त्याच्या मागचा मागे गेला. कशेळीच्या ट्रॅफिकमध्ये काही मागे गेलेलं तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलं! या डोळ्यांनी! नवऱ्यामुलाला मिळत नाही एवढा रस्ता माझ्या पोरीला मिळाला!

हॉस्पिटलात इंजेक्शन दिलं, वाफ दिली. तासाभरानं पूर्वीनं डोळे उघडले आणि नर्सच्या गळ्यातलं ओळखपत्र चावायला घेतलं. वाचली! पण आई आत येईना. बाहेर बाकावर बसून स्वतःच्या हाताकडे बघत होती. मला बघून म्हणाली, "भूप्या, या हातानं रं... या हातानं..."

आणि वैशाली पोरीला घेऊन तिच्याकडे निघाली. मी म्हटलं, संपलं, आता फुटणार. बरोबरच होतं तिचं. ती आईसमोर उभी राहिली. आणि पोरगी आईच्या मांडीवर ठेवली. "आई, धरा हिला जरा. मी तोंड धुऊन येते."

बस! एवढंच!... मी... नाही, तुम्हाला सांगतो ना, बघतच राहिलो.

चौथ्या दिवशी आई एकटी भिवंडीला डॉक्टरीणबाईंसमोर हजर! पदराची गाठ सोडली, टेबलावर नाचणी ओतली. "बाय, तुमचं खरं व्हतं. माझं चुकलं. ह्ये चालंल काय पोरीला?" बाई म्हणाल्या, "चालू शकेल. पण पहिला अर्धा चमचा इथे, माझ्यासमोर. आणि नुसतं यावर भागणार नाही, कॅल्शियमचं औषध सुरूच ठेवायचं."

मग काय! नाचणी भिजवली, मोड आणले, वाटली, पंच्यातनं गाळली, शिजवली. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात अर्धा चमचा. आई पोरीचं अंग चाचपतेय, वैशालीची नजर घड्याळावर, मी गाडीची चावी मुठीत धरून दारात. दहा मिनिटं... काही नाही. अर्धा तास... काही नाही! आणि पूर्वीनं वाटीच ओढली. "अदून!"

अदून म्हणाली हो! आई रडते, वैशाली रडते, डॉक्टरीणबाई उगाच चष्मा पुसतायत...

आता महिना झाला. वजन वाढलंय, गाल आलेत. फक्त एक आहे. मिक्सर बंद. आई म्हणते, "त्यात शेंगदान्याची चटनी वाटलीय, त्यो नगं." म्हणून नवा पाटा आणला, फक्त पूर्वीचा. आईचा खांदा दुखतो, वैशालीच्या कडेवर पोर. मग वाटणार कोण? गोदामात माझ्या हाताखाली चाळीस माणसं आहेत हो! पण सकाळी सहाला मी पाट्यासमोर मांडी घालून. आई येते, दोन बोटांत चोळून बघते. "जाडं हाय. परत वाट."

वाटतो.